अकरावा कागद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आणि मी काही गोष्टी विसरणारी बाई नाही — आमच्या घरात कुठल्या डब्यात काय आहे, कुठली पॉलिसी कधी संपते, कुणाकडे कुठलं भांडं गेलंय, सगळं लिहिलेलं असतं. हीच एक गोष्ट मी कुठे लिहिली नाही. लिहिली असती तर वाचावी लागली असती.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? माझा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी कुणी असाल तर — असू द्या. वाचा.

सव्वीस वर्षं मी फौजेतल्या माणसाशी संसार केला. नऊ बदल्या झाल्या. काळ्या पत्र्याच्या चौदा पेट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आत काय आहे त्याचा कागद चिकटवलेला. नव्या क्वार्टरमध्ये शेजारच्या बायका पोळपाट शोधत असायच्या तेव्हा आमच्याकडे जेवणं होऊन भांडी पालथी पडलेली असायची. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही साताऱ्यात घर केलं. तेव्हा मुलीनं मला ब्लॉग काढून दिला. ‘काळी पेटी’ असं नाव ठेवलं. बदलीची यादी, मुलांच्या शाळाप्रवेशाची यादी, एकटीनं रेल्वेनं सामान नेण्याची यादी — सातारा-सांगलीकडच्या फौजींच्या बायका वाचायला लागल्या. पण सगळ्यांत जास्त वाचली गेली ती एकच यादी: जवान गेल्यावर त्याच्या बायकोनं कुटुंब-पेन्शनसाठी कुठले कागद गोळा करायचे.

ती यादी मी कुठून उतरवून घेतलेली नव्हती. ती मंगलमुळे झाली. मंगल लोणंदची. तिचा नवरा यांच्याच पलटणीत होता, सुट्टीवर आला असताना गेला. मंगलबरोबर मी पाच महिने ऑफिसांच्या पायऱ्या चढले. दर वेळी एक कागद कमी पडायचा. कधी रेकॉर्डला तिचं माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. कधी जोडीचा फोटो फाटलेला. कशासाठी परत पाठवलं ते मी एसटीच्या तिकिटामागे लिहून ठेवायची. शेवटी दहा कागद नक्की झाले. कुठला आधी, कुठला नंतर, कुठे किती झेरॉक्स, कुठल्या खिडकीवर कुणाशी कसं बोलायचं. आणि सगळ्यात खाली मी लिहिलं होतं — ‘मंगल म्हणते, कागद पिशवीत ठेवू नका, पोटाशी धरून बसा. पिशवी हरवते, पोट हरवत नाही.’

म्हणूनच जेव्हा मी ते वाक्य दुसऱ्याच पानावर वाचलं — ‘आमची आत्या म्हणते, कागद पिशवीत ठेवू नका’ — तेव्हा मला काय झालं असेल? मंगलची आत्या करून टाकली होती! बाकी सगळं जसंच्या तसं. माझे कंस, माझ्या टिपा, अगदी ‘झेरॉक्स फिकट असेल तर भांडा, पण हसून भांडा’ हेसुद्धा. पानाचं नाव ‘वर्दीघर’. खाली कुणाचंही नाव नाही.

मी पद्धतशीर कामाला लागले. फाइल केली. स्क्रीनशॉट, तारीख, कुठला उतारा कुठून. आणि वहीच्या शेवटच्या पानावर संशयितांची यादी. नऊ नावं होती. पहिलं नाव मंगलचं.

हसू नका. तिनं माझी वही दोन दिवस लोणंदला नेली होती, ‘नणंदेला दाखवते’ म्हणून. का नेली? नणंदेला काय करायचे होते ते कागद? ती फोनवर बोलता बोलता थांबली की मला वाटायचं, लिहून घेतेय. ती घरी आली की मी टेबलावरचे कागद उलटे ठेवायची. एकदा मुद्दाम तिला एकटीला मी एक टीप सांगितली, कुठेही न लिहिलेली, आणि पंधरा दिवस वर्दीघर बघत बसले. टीप आली नाही. मग माझी खात्री पटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. मला वाटलं, बाई हुशार आहे, म्हणून टाकत नाही.

जिच्या दुःखातून ती यादी झाली तिच्यावर मी असा पहारा ठेवला. हेही मी तिला कधी सांगितलेलं नाही. पण माझा मूळ गुन्हा हा नव्हे. मी त्याच्याभोवती फिरतेय, मला कळतंय.

मग एके दिवशी वर्दीघरवर फोटो आला. शाल, नारळ, मोठा गुच्छ, आणि तिशीतली एक हसरी बाई. रेश्मा. जत तालुक्यातली, नवरा अजून नोकरीत. कुठल्याशा कार्यक्रमात तिचा सत्कार झाला होता — ‘परिश्रमपूर्वक केलेल्या माहिती-संकलनाबद्दल’. परिश्रमपूर्वक! पाच महिने एसटीत उभी मी राहिले होते.

मी तिला तीन वेळा लिहिलं, अगदी नीट शब्दांत. तिसऱ्याला उत्तर आलं, वर हात जोडल्याचं चित्र: ‘ताई, ही सरकारी कागदांची यादी आहे. सरकारी गोष्टीची मालकी कुणाची कशी असेल?’ ब्लॉगच्या कंपनीकडे तक्रार केली. त्यांचंही ठरावीक उत्तर तेच, जरा सभ्य भाषेत. यांना सांगितलं तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “अगं, बायकांना उपयोग होतोय ना? मग तुझ्या यादीवरनं गेल्या काय, तिच्या यादीवरनं गेल्या काय.”

तेव्हा मला ती कल्पना सुचली. यादीत असं काहीतरी घालायचं जे फक्त माझ्या डोक्यातून आलंय. सरकारी नाही, कुठल्याच नियमात नाही. ते तिच्याकडे आलं की झालं — मालकी कुणाची ते आपोआप ठरलं.

आता तुम्ही विचाराल, घालून घालून काय घातलं?

मी बराच विचार केला. ते खरं वाटायला हवं. कुणी विचारलं तर ‘काही ठिकाणी मागतात’ असं म्हणता यायला हवं. शेवटी लिहिलं: ‘११. मयत जवान एकत्र कुटुंबात राहत होता की विभक्त, याबद्दल गावच्या पोलीस पाटलाचा सही-शिक्क्याचा दाखला. दोन प्रती.’ ती भाषा मला इतकी जमली की मी दोनदा वाचून बघितली.

निरुपद्रवी आहे, असं मी स्वतःला म्हटलं. पोलीस पाटील गावातच असतो. बाई जाईल, तो एका कागदावर चार ओळी लिहील, शिक्का मारील. एखादा कागद जास्त झाला म्हणून काय बिघडतं? — हे मी नंतर कितीदा स्वतःला सांगितलं असेल.

पण मला माहीत होतं. माझे सख्खे चुलते कोरेगावकडच्या आमच्या गावाचे पोलीस पाटील होते. त्यांच्या ओट्यावर दाखल्यासाठी आलेल्या बायका मी लहानपणापासून बघितल्यात. पदर डोक्यावर, चप्पल लांब काढलेली. काका सुपारी कातरत बसायचे आणि विचारायचे, “दाखला देऊ की. पण त्या बांधाचं काय ठरवलंस?” आमच्याकडे पाटील हा परका कुणी नसतो. भावकीतलाच असतो. आणि नवरा गेलेल्या बाईचं भांडण कुणाशी असतं? भावकीशीच. ‘एकत्र की विभक्त’ हे शब्द तिथे कशाकडे बोट दाखवतात, हे मला कळत नव्हतं? मी त्याच घरात वाढले.

तरी मी ते लिहिलं आणि ‘प्रकाशित करा’ दाबलं.

सहाव्या दिवशी अकरावा कागद वर्दीघरवर आला. शब्द न् शब्द. मी त्या दिवशी शिरा केला. यांनी विचारलं, “आज काय विशेष?” मी म्हणाले, “काही नाही, रवा संपवायचा होता.”

तेव्हाच मी तो माझ्या यादीतून काढू शकले असते. पुरावा हातात आला होता, स्क्रीनशॉट फाइलमध्ये लागला होता. का नाही काढला? कारण रेश्मानं जाहीर केलं होतं की ती या याद्यांची पुस्तिका छापणार आहे. मला ते छापलेलं हवं होतं. भर कार्यक्रमात उठून फाइल उघडायची होती. मनातल्या मनात मी साडीसुद्धा ठरवली होती.

म्हणून तो कागद तसाच राहिला. तिच्याकडे, आणि माझ्याकडेही. माझ्या वाचकांपैकी एकीनं खाली विचारलं, ‘ताई, हा दाखला नवीन आहे का? आमच्या वेळी नव्हता.’ मी उत्तर दिलं — ‘हो, आता काही ठिकाणी मागतात.’ हे वाक्य मी स्वतः, शांतपणे, चहा पिता पिता टाइप केलं.

सत्तराव्या दिवशी मंगल आली. स्वतःच्या हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्यात आली होती. येताना नेहमी खिडकीतून हाक मारते, त्या दिवशी मारली नाही. आत येऊन बसली, पाणीही घेतलं नाही.

“ताई, लय वंगाळ बगितलं आज,” म्हणाली.

ऑफिसात तिच्यापुढे रांगेत एक पोरगी होती. सुरेखा, पाटणकडची, डोंगरातल्या गावची. नवरा आजारपणात नोकरीतच गेलेला, पदरात एक मुलगी. तिनं सगळे कागद ओळीनं लावून आणले होते. मंगल सांगत होती —

“साहेबानं समदं तपासलं, आन् एक कागद काडून परत दिला. म्हणाला, ‘बाई, ह्यो कशाला आणलाय? ह्यो कोण मागतंय?’ तशी ती मटकन खालीच बसली. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं तर म्हणती, ‘मावशी, ह्या कागदापायी मी रान सोडलं.’”

तिचा थोरला दीर गावचा पोलीस पाटील. दाखला मागायला गेली तर तो म्हणाला, विभक्त म्हणून लिहून पाहिजे ना, मग आधी विभक्त हो. नवऱ्यामागे तिच्या नावावर लागलेल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र कर, मग दाखला घे. महिनाभर ती थांबली होती. घरात दुसरं काही येत नव्हतं. शेवटी त्याच्याच गाडीतून जाऊन तिनं रजिस्टर ऑफिसात सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं दाखला हातात ठेवला. दोन प्रती.

माझ्या यादीत लिहिलं होतं तशा. दोन.

“कुणी सांगितलं म्हणे तिला हे?” मी विचारलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

“त्या वर्दीघरवालीनं. ती वाचून दाखिवती न्हवं का मोबाइलवर, ते हिनं ऐकलं. मुडदा बशिवला त्या बाईचा! ताई, तुमच्या यादीत तर असलं कायबी न्हवतं. व्हय ना?”

तिनं माझ्याकडे बघितलं. ती संशयानं बघत नव्हती. तिला फक्त मान हलवलेली बघायची होती.

मी म्हणाले, “नाही.”

ती गेल्यावर दहा मिनिटांत मी अकरावा कागद काढला. खालची टीप वर सरकवली. त्या वाचक बाईचा प्रश्न पुसला, माझं उत्तर पुसलं. मग जुनं पान कुठे दिसतंय का ते शोधलं, नाही ना याची खात्री केली. मला व्यवस्थित काम येतं.

आणि मग — इथे मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही — मी एक लेख लिहिला. ‘नक्कल केलेल्या याद्यांपासून सावध राहा.’ शेजारी शेजारी दोन चित्रं लावली: माझी दहा कागदांची यादी, आजची. आणि वर्दीघरची अकराची. खाली लिहिलं की समजून न घेता उचलेगिरी केली की अशा चुका घुसतात, आणि त्याची किंमत एका विधवेनं मोजली. सुरेखाचं नाव घातलं नाही. तेवढा चांगुलपणा दाखवला.

माझा तो लेख जितका वाचला गेला तितकं माझं काहीच वाचलं गेलं नव्हतं. गावोगावच्या ग्रुपवर फिरला. बायकांनी रेश्माच्या पानावर जाऊन काय काय लिहिलं, ते इथे लिहिणार नाही. सत्कार करणाऱ्यांनी तिचा फोटो काढून टाकला. पुस्तिका राहिली. आठवड्यात वर्दीघर बंद झालं.

बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मागे मेंढरं ओरडत होती, कुणीतरी कानडीत हाका मारत होतं. मला वाटलं, शिव्या देईल. मी वही-पेन घेऊन बसले होते, उत्तरादाखल लागेल म्हणून.

“अक्का,” ती म्हणाली, “मी चोरी केली. व्हय, केली. हितं निम्म्या बायांना वाचाय येत न्हाई, म्हणून वाचून दाखवाय लागले, मग लोक बाई-बाई म्हणाय लागले, तवा नाव सांगावंसं वाटंना तुमचं. त्ये माझं पाप. पर अक्का, अकरावा कागद तुमच्याच यादीत व्हता. मी बगून वाचलाय. मी मनानं एक अक्षर घालत न्हाई.”

ती रडत नव्हती. खरं बोलणारं माणूस जसं हळू बोलतं तशी बोलत होती.

मी विचारलं, “पुरावा आहे?”

मेंढरांचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, “न्हाई,” आणि फोन ठेवला.

पुरावा होता. माझ्या फाइलमध्ये. माझ्या यादीचा स्क्रीनशॉट, अकराव्या कागदासकट, तारखेसह — आधी माझा, सहा दिवसांनी तिचा. तिला चोर ठरवायला मी तो इतका चोख जपला होता की तिला निर्दोष ठरवायला दुसरं काही लागलंच नसतं.

आणि फक्त तिलाच नाही. दोन महिन्यांनी मंगलनं सांगितलं की सुरेखानं पाटणला वकील गाठलाय. दिरानं फसवून सही घेतली असं म्हणायचं तर तो म्हणतो, मी कुठे फसवलं, दाखला तिलाच हवा होता, तिनंच मागितला. वकील विचारत होता, असला दाखला लागतो हे बाईला सांगितलं कुणी? ते कुठे लिहिलेलं होतं? खोटं होतं हे कबूल करणारं कुणी आहे का? वर्दीघर बंद, त्यावरचं सगळं गेलेलं. “ताई, तुमी तर समदं जपून ठेवता,” मंगल म्हणाली, “तुमच्याकडं त्या बाईच्या पानाचं काय हाय का?”

होतं. फाइल नंबर सात. कपाटात दुसऱ्या खणात. ती ज्या खुर्चीवर बसली होती तिथून चार पावलांवर.

त्यातलं नुसतं रेश्माचं पान काढून देता आलं असतं का? मी तोही हिशेब केला. पण वकील पुढचा प्रश्न विचारणार. त्या बाईनं कुठून घेतलं? तिला बोलावणार. ती येणार, आणि शपथेवर तेच सांगणार जे तिनं मला फोनवर सांगितलं. मग माझं पान तपासलं जाणार, त्या वाचक बाईला माझं उत्तर आठवणार. मी सगळी पावलं एकामागून एक मोजली आणि मंगलला म्हणाले, “नाही गं, मी ते तेव्हाच काढून टाकलं.”

तिनं लगेच विश्वास ठेवला. मला सगळ्यात जास्त त्याचा राग आला. वर्षभर मी तिच्या प्रत्येक शब्दावर शंका घेतली होती आणि हिला माझ्यावर एकदाही घेता येऊ नये?

वकिलानं ते प्रकरण सोडून दिलं. सुरेखाला पेन्शन सुरू झाली. हिस्सा दिराच्या नावावर लागला. ती मुलीला घेऊन माहेरी राहते.

फाइल मी नंतर जाळली. हे मी आता लिहितेय, पण आता माझ्याकडेही काही नाही. माझा शब्द आहे, आणि माझ्या शब्दाची किंमत तुम्ही वर वाचलीच आहे.

ब्लॉग चालू आहे. उलट वाढला. गेल्या वर्षी साताऱ्यात वीरपत्नींच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावलं, कागदपत्रं कशी सांभाळावीत यावर. मी चांगलं बोलले. मुद्देसूद बोलले, वेळेत संपवलं. शाल आणि नारळ दिला, तो घेतला.

खाली उतरल्यावर बायकांनी गराडा घातला. त्यात एक सावळीशी, किरकोळ अंगाची मुलगी मागे थांबली होती. बाकीच्या पांगल्यावर पुढे आली. मंगलनं ओळख करून दिली, “हीच ती सुरेखा, ताई. पाटणची.”

मला वाटलं, हिला कळलंय. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, डोळ्यांत काय आहे ते शोधलं. काही नव्हतं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

“ताई,” ती म्हणाली, “मी आदी तुमची यादी बगायला पायजे हुती. माजंच चुकलं.”

मी म्हणाले, “असू दे.” आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.